फेऱ्या मोजल्या, कष्ट कोण मोजणार?

‘आमची नवी रीत पिकारच्या रीतीपेक्षा वेगवान आहे, आणि ती विलंबित विकलक समीकरणांना लागू पडते.’ गणिताच्या नियतकालिकांत गेली दहा-बारा वर्षं हे वाक्य थोड्याफार फरकाने इतक्यांदा छापून आलं आहे की आता ते कुणी तपासत नाही. उज्जैनला एका चर्चासत्रात ते पुन्हा कानावर आलं, तेव्हा वक्त्याने त्याला एक शेपूटही जोडलं: ‘हे आपल्याला नवं नाही, इथल्या ज्योतिषांचं असकृत्कर्म म्हणजे दुसरं काय होतं?’ टाळ्या पडल्या. हा लेख त्या टाळ्यांना उत्तर आहे. माझ्या मते त्या वाक्याचा पहिला भाग ही हिशेबातली मखलाशी आहे, दुसरा भाग नावापुरता आहे, आणि शेपूट तर वक्त्याच्याच विरुद्ध साक्ष देतं.

आधी भांडण कशाचं ते नीट सांगतो. एखादं समीकरण सरळ सुटत नसेल तर एक अंदाज घ्यायचा, तो ठरावीक क्रियेतून काढायचा, जे उत्तर येईल ते पुन्हा त्याच क्रियेत घालायचं. उत्तर बदलायचं थांबलं की काम झालं. ही पिकारची रीत. एमिल पिकारने 1890 च्या सुमारास ती विकलक समीकरणांसाठी मांडली. 1922 मध्ये स्टेफान बानाखने तिला भक्कम पाया दिला: क्रिया जर दोन अंदाजांमधलं अंतर दर वेळी ठरावीक प्रमाणात कमी करत असेल, म्हणजे ती आकुंचन करणारी असेल, तर कुठूनही निघा, एकाच स्थिर बिंदूवर पोचाल. किती फेऱ्यांत किती चूक उरेल, हेही त्या प्रमेयात आधीच सांगता येतं.

मग नव्या रीती कशासाठी आल्या? त्यांचा जन्म योग्य कारणासाठी झाला, हे आधी मान्य करतो. ‘एकातून वजा करा’ ही क्रिया घ्या. शून्यापासून निघालात तर 1 येतो, मग 0, मग पुन्हा 1. घाण्याचा बैल जन्मभर फिरला तरी घाण्यापाशीच. ही क्रिया अंतर वाढवत नाही, पण कमीही करत नाही. इथे जुना अंदाज आणि नवं उत्तर यांची सरासरी घेतली की पहिल्याच फेरीत अर्धा मिळतो, आणि तेच खरं उत्तर. 1953 मध्ये मानने आणि 1955 मध्ये क्रास्नोसेल्स्कीने सरासरीची ही युक्ती मांडली. 1974 मध्ये इशिकावाने आणखी अवघड क्रियांसाठी दोन पायऱ्यांची सरासरी वापरली. जिथे पिकारची गाडी रुतते, तिथे ही माणसं धक्का द्यायला आली. त्यांच्याशी माझं भांडण नाही.

भांडण पुढच्या पिढीशी आहे. या पिढीने धक्का देणारी माणसं उतारावर धावणाऱ्या गाडीलाच जुंपली. क्रिया आकुंचन करणारीच घ्यायची, म्हणजे पिकारची रीत बिनबोभाट चालते अशीच जागा निवडायची. मग तिथे दोन, तीन, चार पायऱ्यांची सरासरी रचायची, रीतीला एक अक्षर किंवा जोडनाव द्यायचं आणि जाहीर करायचं की ही पिकारपेक्षा वेगवान आहे. 2007 मध्ये आली ती एस-रीत; 2014 च्या आसपास पिकार आणि एस यांचं कलम झालं; त्यानंतर एम, के आणि बाराखडीतली बरीच अक्षरं खर्ची पडली.

वेगाचा हा दावा कागदावर करून पाहू. हातच्या कांकणाला आरसा नको. क्रिया अशी: संख्येचं अर्ध करा आणि त्यात 1 मिळवा. खरं उत्तर 2, कारण 2 चं अर्ध 1, अधिक 1 म्हणजे पुन्हा 2. दहापासून निघू. पिकारच्या रीतीने 10 नंतर 6, मग 4, मग 3, मग 2.5. चूक 8 वरून 4, 2, 1 आणि अर्ध्यावर आली. आता एस-रीत, मिश्रणाची दोन्ही प्रमाणं निम्मी-निम्मी धरून. दहावर क्रिया केली, 6 आले. दहा आणि सहा यांची सरासरी 8. आठावर पुन्हा क्रिया केली, 5 आले. सहा आणि पाच यांची सरासरी 5.5. ही झाली ‘एक फेरी’. दुसऱ्या फेरीअखेर 3.53 येतात, म्हणजे चूक 1.53.

शोधनिबंधातलं कोष्टक आता असं दिसेल: दोन फेऱ्यांनंतर पिकारची चूक 2, नव्या रीतीची 1.53. नवी रीत वेगवान, सिद्ध! पण दोन फेऱ्यांत एस-रीतीने क्रिया चार वेळा केली आहे, आणि पिकारने दोनच वेळा. पिकारला चारदा क्रिया करू द्या; चूक अर्ध्यावर येते. तिपटीहून जास्त फरक, आणि तोही पिकारच्या बाजूने. दोन धावपटूंची शर्यत लावून एकाला दोन पावलांना ‘एक पाऊल’ म्हणायची मुभा द्यायची आणि शेवटी पावलं मोजायची, असला हा हिशेब आहे.

हे उदाहरण मुद्दाम निवडलेलं नाही. एस-रीतीतली मिश्रणाची दोन्ही प्रमाणं पूर्ण एकवर नेली तर उरतं काय? क्रियेवर क्रिया, म्हणजे पिकारच्या दोन फेऱ्या. प्रमाण एकाहून कमी ठेवलं की त्या दोन फेऱ्यांत जुन्या अंदाजाचं पाणी मिसळतं. क्रिया आकुंचन करते याखेरीज काहीच माहीत नसेल, तर चुकीची जी हमी पिकारच्या दोन फेऱ्यांना मिळते तिच्याहून चांगली एस-रीतीच्या एका फेरीला कधीच मिळत नाही. फार तर बरोबरी होते. पिकार आणि एस यांच्या कलमात एका फेरीत क्रिया तीनदा होते. तिथेही तेच: पिकारच्या तीन फेऱ्यांपुढे कलमाची एक फेरी हमीत मागेच पडते. अक्षरं बदलतात, गणित बदलत नाही.

एक पळवाट प्रामाणिकपणे सांगायला हवी, नाहीतर जाणता वाचक मला तिथेच पकडेल. क्रिया उलट्या दिशेने उडी मारणारी असेल, म्हणजे अंदाज वाढवला की उत्तर घटत असेल, तर सरासरीमुळे आकुंचनाच्या जागीही खराच फायदा होतो. पण त्यासाठी मिश्रणाचं प्रमाण त्या उडीच्या मापावरून ठरवावं लागतं. वेगाचे हे सिद्धांत तसं करत नाहीत. ते फक्त आकुंचनाचा अंक हातात घेतात, प्रमाण मनाला येईल ते धरतात आणि हमीच्या मर्यादांची तुलना करतात. ‘याच्या खिशात जास्तीत जास्त शंभर रुपये असतील आणि त्याच्या खिशात जास्तीत जास्त दोनशे’ एवढ्यावरून कोण श्रीमंत ते ठरत नाही, हे शाळकरी पोरालाही कळतं. वेगाची जी व्याख्या या निबंधांत फिरते ती बेरिंदेच्या 2004 च्या निबंधातून आलेली. त्या निबंधाचा निष्कर्ष काय होता? पिकारची रीत मानच्या रीतीपेक्षा वेगवान आहे! पुढे चिंग आणि ऱ्होड्स यांनी 2008 मध्ये अशा तुलनेतल्या त्रुटी दाखवल्या. व्याख्या सगळ्यांनी उचलली, इशारा मात्र फारसा कुणी उचलला नाही.

आता वाक्याचा दुसरा भाग: विलंबित विकलक समीकरणं. या निबंधांच्या शेवटी ‘उपयोजन’ नावाचं एक पान असतं. त्यात असं समीकरण घेतलेलं असतं की ज्यात आत्ताचा बदल आत्ताच्या स्थितीवर आणि काही काळापूर्वीच्या स्थितीवरही अवलंबून आहे. उज्जैनच्या माणसाला हे समजवायला सूत्र लागत नाही, शिप्रेचा घाट पुरतो. 2014 पासून नर्मदेचं पाणी वर चढवून इंदूरजवळच्या उज्जैनी गावापाशी शिप्रेत सोडतात. 2016 च्या सिंहस्थात त्याचा मोठा आधार होता, आणि 2028 चं सिंहस्थ आता दारात आहे. वरती सोडलेलं पाणी उज्जैनच्या रामघाटाला लगेच येत नाही. घाटावर पातळी कमी दिसली म्हणून वरती पाणी वाढवलं, तर वाढलेलं पाणी पोचेपर्यंत इथली परिस्थिती बदललेली असते. आज घाटावर जे दिसतं ते वरच्या कालच्या निर्णयाचं फळ. विलंब म्हणजे हा.

हिशेब करायला एक काल्पनिक घाट घेऊ. विलंब एक दिवसाचा. पातळीतल्या बदलाचा आजचा वेग कालच्या जादा पातळीच्या उलट: काल एक हात जास्त होतं, तर आज दिवसाला एक हात या वेगाने उतरेल. काल दिवसभर पातळी ठरल्यापेक्षा बरोब्बर एक हात वर होती असं धरा. पहिल्या दिवसाचं उत्तर काढायला काय लागतं? काहीच नाही. काल माहीत आहे, म्हणून आजचा वेग माहीत आहे. पातळी एका सरळ रेषेत एक हातावरून शून्यावर येते. दुसऱ्या दिवसासाठी आता पहिला दिवस हातात आहे. त्याची बेरीज केली की संध्याकाळी पातळी ठरल्याखाली अर्धा हात. तिसऱ्या दिवसासाठी दुसरा दिवस. पातळी खालीवर हेलकावे खाते आणि हळूहळू स्थिरावते. विलंब आणि दुरुस्तीची घाई यांचा गुणाकार पायच्या निम्म्याच्या, म्हणजे 1.57 च्या आत असेल तोवर हेलकावे विरतात. त्यापलीकडे गेला की दर फेरीत वाढत जातात. आपल्या उदाहरणात तो 1 आहे. धरणावरच्या माणसाला अनुभवाने कळतं ते हेच: पाणी पोचायला वेळ लागत असेल तर झडप हळू फिरवावी.

टप्प्याटप्प्याने जायची ही रीत विलंब समीकरणांच्या अभ्यासकाला पहिल्या दिवशी शिकवतात. तिच्यासमोर ‘उपयोजन’ काय म्हणतं ते पाहा. तिथे अट असते: दोन गुणिले लिपशिट्झचा अंक (स्थितीतल्या फरकाच्या जास्तीत जास्त किती पट फरक वेगात पडतो ते माप) गुणिले कालावधी, हा गुणाकार एकाहून कमी हवा. आपल्या घाटाचा लिपशिट्झ अंक 1. म्हणजे प्रमेय फक्त अर्ध्या दिवसापर्यंतची हमी देतं, विलंबाचा पहिला दिवससुद्धा पुरा होत नाही! जिथे सरळ बेरजेने अचूक उत्तर येतं त्या पहिल्या दिवसाच्या निम्म्यात हा तीन-चार पायऱ्यांचा द्राविडी प्राणायाम चालतो. शिवाय ही अटच अनावश्यक आहे. बिएलेत्स्की या पोलिश गणितज्ञाने 1956 मध्येच दाखवलं की अंतर मोजताना उशिराच्या वेळांना घातांकाने उतरतं वजन दिलं, तर असल्या समीकरणांवर पिकारची क्रिया कितीही लांब, पण मर्यादित, कालावधीवर आकुंचन करते. अर्धशतकाहून जुनी गोष्ट, आणि तरी ती अट निबंधानिबंधांत जशीच्या तशी उतरवली जाते. ज्याने समीकरण खरंच सोडवून पाहिलं असतं, त्याला अर्ध्या दिवसाची ही हमी टोचल्याशिवाय राहिली नसती.

कुणी म्हणेल, कालावधी लांब घेऊ, मग नव्या रीतीचा वेग कळेल. घेऊ. त्याच घाटावर दहा दिवसांचं उत्तर हवं, आणि पहिला अंदाज अगदी वाटेल तो. पिकारची पहिली फेरी पहिला दिवस बिनचूक देते, दुसरी फेरी दुसरा. दहाव्या फेरीअखेर दहाही दिवस अचूक. क्रिया दहा वेळा. मानची सरासरी इथे सांत फेऱ्यांत कधीच अचूक होत नाही, कारण पहिल्या चुकीच्या अंदाजाचा कण ती प्रत्येक फेरीत पुढे नेते. एस-रीत दहा फेऱ्यांत पोचते, क्रिया वीस. पिकार आणि एस यांचं कलम पाच फेऱ्यांत पोचतं, क्रिया पंधरा. आता कोष्टक मांडा: पिकार दहा, कलम पाच. ‘दुप्पट वेगवान!’ आणि कष्टांचा रकाना? तो कोष्टकात नसतोच. काम दीडपट झालं आणि वेग दुप्पट छापला गेला.

विलंबाच्या जगात अभिसरणाचे खरे प्रश्न नाहीत असं मात्र कुणी समजू नये. ते आहेत, आणि अवघड आहेत. वरच्या उदाहरणात सुरुवातीच्या क्षणी वेगात एकदम उडी आहे. एक दिवसानंतर तीच उडी वेगाच्या वेगात उतरते, दोन दिवसांनी त्याच्याही पुढे. हे सांधे कुठे येतात ते लक्षात ठेवलं नाही तर चांगल्यातली चांगली संगणकीय रीत तिथे अचूकता गमावते. विलंब फारच लहान असेल तर संगणकाचं एक पाऊल विलंबापेक्षा मोठं पडतं. मग हवी असलेली मागची किंमत त्याच, अजून पुऱ्या न झालेल्या पावलात असते, आणि तिथे खरोखरच पुन्हापुन्हा क्रिया करून उत्तर स्थिर करावं लागतं. मॅटलॅबमधला डीडीई23 हा सोडवणारा कार्यक्रम नेमकं हेच करतो. शॅम्पाइन आणि थॉम्पसन यांनी 2001 मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. 1982 मध्ये मोठ्या इलेक्ट्रॉनिक मंडलांसाठी आलेली तरंगरूप-शिथिलीकरणाची रीत पिकारचीच नात आहे, आणि तिच्या अभिसरणावर आजही सकस काम होतं. विलंबच स्थितीवर अवलंबून असेल तर प्रश्न आणखी गुंततो. या सगळ्यात नव्या अक्षराच्या रीतींचा हातभार किती? वाचलेल्या कोष्टकांत मला तो आढळला नाही.

स्थितीवर अवलंबून असलेल्या विलंबाचं उदाहरण तर उज्जैनच्या वेधशाळेतच आहे. सवाई जयसिंगाने अठराव्या शतकात शिप्रेकाठी बांधलेली ही वेधशाळा, लोकांच्या तोंडी ‘जंतर महल’. 1923 मध्ये माधवराव शिंद्यांनी तिचा जीर्णोद्धार करवला आणि गोविंद सदाशिव आपटे तिथे अधीक्षक झाले. 1942 पासून तिथून ग्रहांच्या दृश्य स्थितीचं पंचांग निघतं. ‘दृश्य’ या शब्दात विलंब लपलेला आहे. प्रकाशाला वेळ लागतो, हे रोमरने 1676 मध्ये गुरूच्या उपग्रहावरून ताडलं. आपल्याला दिसतो तो गुरू आत्ताचा नव्हे, प्रकाश निघाला त्या वेळचा. अंतर पृथ्वी-सूर्य अंतराच्या पाचपट असेल तर तो सुमारे 2500 सेकंद, म्हणजे पाऊण तासाहून थोडा कमी इतका जुना. पण नेमका किती जुना हे काढायला तेव्हाचं अंतर हवं, आणि तेव्हाचं अंतर काढायला तो किती जुना हे हवं. अडकलं!

सोडवणूक पिकारची. आत्ताच्या अंतरावरून वेळ काढा, तितक्या वेळापूर्वीची गुरूची जागा घ्या, पुन्हा अंतर काढा. गुरूचा वेग सेकंदाला सुमारे 13 किलोमीटर, प्रकाशाचा सुमारे तीन लाख. म्हणून दर फेरीत चूक वीस हजारपटीहून जास्त घटते. 2500 सेकंदांची चूक पहिल्या फेरीत सुमारे एक दशांश सेकंदावर येते, दुसऱ्या फेरीत सेकंदाच्या काही दशलक्षांश भागांवर. दोन फेऱ्या, काम संपलं. ही दुरुस्ती केलीच नाही तर गुरूच्या जागेत नऊएक विकलांची चूक राहू शकते. इथे मानची निम्मी सरासरी वापरली तर? दर फेरीला चूक जेमतेम निम्मी होईल. पिकार पहिल्या फेरीत जिथे पोचतो तिथे पोचायला चौदा-पंधरा फेऱ्या. हाताने पंचांग करणाऱ्याला ही सूचना करून पाहा, तो तुम्हाला दाराबाहेर काढील.

आता त्या शेपटाकडे, असकृत्कर्माकडे. असकृत् म्हणजे एकदाच नव्हे, पुन्हापुन्हा. सूर्यसिद्धांतात अवंती मध्यरेषेवर मानली आहे. वराहमिहिर इथलाच, आणि त्याच्या पंचसिद्धांतिकेतल्या गणिताचा आरंभ शके 427 (इ.स. 505). इथल्या ज्योतिषाला ग्रहणाचा स्पर्श, म्हणजे आरंभ, केव्हा ते काढायचं असे. त्यासाठी स्पर्शाच्या वेळचा चंद्राचा शर, म्हणजे क्रांतिवृत्तापासूनचं अंतर, हवा. पण स्पर्शाची वेळच तर शोधायची आहे. म्हणून ग्रहणमध्याच्या शरावरून अर्धी स्थिती, म्हणजे ग्रहणाचा निम्मा काळ, काढत, तिच्यावरून स्पर्शकाळाचा नवा शर, त्यावरून पुन्हा स्थिती, आणि फरक पडेनासा होईपर्यंत हेच. गुरूच्या प्रकाशाची गाठ सुटते ती अगदी अशीच. एवढं मान्य, आणि अभिमानानेही मान्य.

पण ‘म्हणजे अभिसरणाचा सिद्धांत आपल्याकडे होता’ ही उडी मला मान्य नाही. उत्तर स्थिरावतं हे अनुभवाने ओळखणं वेगळं. कोणत्या अटीवर, किती फेऱ्यांत, किती चुकीपर्यंत स्थिरावेल ते सिद्ध करणं वेगळं. पूर्वजांच्या पदरात बानाखचं प्रमेय टाकल्याने ते मोठे होत नाहीत, त्यांनी जे खरंच केलं ते झाकलं जातं. आणि त्यांनी खरंच काय केलं? त्यांनी फेऱ्या टाळल्या!

केरळात मंदकर्ण, म्हणजे ग्रहाचं मध्यापासूनचं दुरुस्त अंतर, काढायला असंच असकृत्कर्म चाले. चौदाव्या शतकातल्या संगमग्रामच्या माधवाने तो एकाच दमात काढायचं सूत्र दिलं, नीलकंठाने इ.स. 1500 च्या सुमारास तंत्रसंग्रहात ते त्याच्या नावानिशी नोंदवलं. फेऱ्यांची रीत चालत असताना, तिची फेरी आणखी लांब करायची नव्हे तर फेरीच नको अशी सोय करायची, हे माधवाचं कौतुक. आपल्या घरचं उदाहरण तर आणखी झणझणीत आहे. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञाने शके 1442 मध्ये ग्रहलाघव लिहिलं. पुढची कित्येक शतकं महाराष्ट्रातली आणि बाहेरचीही पंचांगं त्यावरून झाली. त्याने ज्या (साइन) आणि चाप यांची कोष्टकं बाजूला ठेवून साध्या गुणाकार-भागाकारांची सूत्रं दिली. दिवसांची गणती प्रचंड होऊ नये म्हणून 4016 दिवसांचं, सुमारे अकरा वर्षांचं, एक चक्र केलं. चक्रं वेगळी मोजा, उरलेले दिवस वेगळे, म्हणजे गुणाकारात आकडे लहान राहतात. ग्रंथाच्या नावातच लाघव आहे. गणकाच्या बोटांना किती त्रास पडतो हे त्याचं मोजमाप होतं. पाटीवर खडूने आकडेमोड करणाऱ्याला ‘फेऱ्या कमी, पण प्रत्येक फेरी तिप्पट’ असा सौदा खपवता आला नसता. म्हणून म्हणतो, असकृत्कर्माची परंपरा साक्षीला बोलावली तर ती उलट बाजूने बोलेल.

यावर तीन आक्षेप येतात, तेही पाहू. पहिला: शुद्ध गणिताला उपयोगाची अट का घालता? मी घालत नाही. बानाख अवकाशातल्या एखाद्या क्रियेवरचं प्रमेय सुंदर असेल तर तेवढ्यासाठी छापा. पण मग ‘वेगवान’ आणि ‘उपयोजन’ हे शब्द वापरू नका. ते वापरले की तुम्ही गणकाच्या दुकानात शिरलात, आणि तिथे तराजू असतो. दुसरा आक्षेप: संगणक आता इतके जलद आहेत की क्रिया तीनदा झाली काय नि एकदा झाली काय, फरक पडत नाही. मग वेगाचा निबंध लिहिता कशाला? तिसरा आक्षेप मनाला लागतो: लहान गावांतल्या, साधनं नसलेल्या संशोधक विद्यार्थ्यांना पदवीसाठी निबंध छापावे लागतात, तुम्ही त्यांचा रस्ता अडवता. उलट, मी म्हणतो त्यांना रस्ता चुकीचा दाखवला जातो. तीच मेहनत त्या विद्यार्थ्याने सांधे जपणाऱ्या एका सोडवणुकीवर किंवा नदीच्या विलंबाच्या एका खऱ्या प्रतिमानावर केली, तर त्याच्या हातात पुढे कामाला येणारी विद्या उरते. खोगीरभरतीचं पान लिहून उरते ती फक्त यादी.

म्हणून मागणी फार नाही. वेगाचा दावा करणाऱ्या निबंधात कोष्टकाला एक जादा रकाना असावा: क्रिया किती वेळा केली. पिकारला तेवढ्याच क्रिया द्याव्यात आणि मग तुलना करावी. विलंब समीकरणाचं उपयोजन असेल तर कालावधी निदान विलंबाच्या दुप्पट घ्यावा आणि उत्तर टप्प्यांच्या रीतीशेजारी ठेवावं. आकुंचन करणारी क्रिया, आधी ठरवलेलं मिश्रण, सारख्या क्रिया, आणि एक साधं विलंब समीकरण: एवढ्या अटींत कुणी नव्या रीतीचा निर्विवाद सरसपणा दाखवला, तर हा लेख मी मागे घेईन, आणि तेही याच पानावर.

त्या चर्चासत्रानंतर मी जंतर महलात गेलो होतो. सम्राट यंत्राच्या छायेवरून एका घोळक्याने वेळ वाचली आणि घड्याळाशी ताडून पाहिली. जुळली नाही, उज्जैनची स्थानिक वेळ प्रमाणवेळेपेक्षा सुमारे सत्तावीस मिनिटं मागे, शिवाय दिवसागणिक बदलणारी सूर्याची दुरुस्ती वेगळी. मार्गदर्शकाने तिथल्या दुरुस्तीच्या फलकाकडे बोट केलं. त्या दिवसाची मिनिटं मिळवा, झालं. लोकांनी मिळवली, वेळ जुळली, आणि घोळका पुढच्या यंत्राकडे गेला. तो फलक कुणीतरी एकदा खपून केला होता. बघणाऱ्याला त्यासाठी एकच बेरीज करावी लागली.